कायद्याची मोजपट्टी

कामगार कायद्यांचा इतिहास सांगताना बहुधा कलमे मोजली जातात. आमच्या मते मोजायला हवीत ती माणसे: कायद्याने कुणाला आत घेतले आणि कुणाला उंबरठ्याबाहेर ठेवले?

हिंदुस्थानचा १८८१ चा पहिला कारखाने कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि १०० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरताच होता. सात वर्षांखालील मुलांना त्याने कामावर मज्जाव केला. सात ते बारा वयाच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. स्त्रियांच्या तासांविषयी तो मौन होता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर केले. साप्ताहिक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार अशा त्या साध्या मागण्या होत्या. रविवारची सुटी पदरात पडायला १८९० चा जून उजाडला. १८९१ च्या कायद्याने उंबरठा ५० कामगारांवर आणला आणि स्त्रियांचा दिवस ११ तासांचा ठरवला.

पुढे १९२२ साली ही संख्या २० झाली. १९४८ साली यंत्रशक्ती असल्यास १० आणि नसल्यास २०. मात्र २०२० च्या संहितेने ती पुन्हा २० व ४० केली. यंत्रावर काम करणारे पंधराजण १९४८ च्या व्याख्येनुसार 'कारखान्यात' होते. नव्या व्याख्येनुसार ते नाहीत. उंबरठा नेहमी खालीच सरकतो, असे मानण्याचे कारण नाही.

ज्याला एक ठरावीक मालकच नाही, त्याचे काय? महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने याचे उत्तर शोधले. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील हमालांच्या लढ्याचे ते फळ. हमालाची नोंदणी मंडळाकडे होते. मालक मजुरीबरोबर लेव्ही भरतो, आणि तीतून भविष्य निर्वाह निधी, भरपगारी रजा यांची तरतूद होते. मालक रोज बदलला तरी हक्क बदलत नाहीत.

घरकामगार स्त्रियांसाठी राज्याने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला. तो अडचणीत साहाय्य देतो. कामाचे तास वा साप्ताहिक सुटी ठरवून देत नाही. तेथे मालक आपणच असतो. म्हणून वाचकहो, आम्ही एवढेच विचारतो: गिरणी कामगाराने १८९० साली मिळवलेला रविवार आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंना मिळाला आहे काय?