पोलादपूरचा पाषाण आणि पारघाटाची वाट

सावित्री नदी महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावून पोलादपूर आणि महाड या दोन तालुक्यांतून पश्चिमेकडे वाहते व हरिहरेश्वर आणि बाणकोट यांच्या दरम्यान अरबी समुद्राला मिळते. या खोऱ्यातून चढणाऱ्या पाऊलवाटांचा इतिहास सहसा किल्ल्यांच्या आणि लढायांच्या अनुषंगाने सांगितला जातो. परंतु त्या वाटा जिथे आहेत तिथेच का पडल्या, आणि समुद्रापासून सुमारे चाळीस किलोमीटर आत असलेले महाड बंदर कसे झाले, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे खडकात आहेत.

बंदराचे कारण तुलनेने अलीकडचे आहे. शेवटच्या हिमयुगात, म्हणजे सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, पृथ्वीवरील पाण्याचा मोठा वाटा बर्फाच्या रूपात गोठलेला असल्यामुळे समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. पुढे बर्फ वितळला, समुद्र चढला आणि कोकणातील नद्यांची मुखे पाण्याखाली जाऊन त्यांच्या खाड्या झाल्या. बाणकोटची खाडी अशीच बुडालेली नदीची दरी आहे, आणि म्हणूनच तिच्यातून भरतीचे पाणी महाडच्या आसपासपर्यंत चढते. भरतीबरोबर गलबते आत येत, ओहोटीबरोबर बाहेर पडत, आणि सावित्री व गांधारी या नद्यांच्या संगमाजवळ उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून घाटमाथ्यावर नेला जाई. हा व्यापार प्राचीन असावा, असे महाडलगतच्या गांधारपाले येथील बौद्ध लेण्यांवरून मानता येते. सुमारे तीस लेण्यांचा हा समूह ज्या काळ्या कातळात कोरलेला आहे, तोच कातळ पुढे घाटाच्या माथ्यापर्यंत थरावर थर चढवत गेलेला आहे.

या कातळाला मराठीत काळवथर म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून वितळलेला लाव्हा वारंवार बाहेर आला, पसरला आणि थिजला. अशा असंख्य प्रवाहांनी दख्खनचे पठार घडले. थरांची झीज सारखी होत नाही. प्रवाहाचा मधला भाग घट्ट असल्याने त्याचा उभा कडा उरतो, तर वरचा पोकळ्यांनी भरलेला भाग लवकर झिजून तिथे सपाटी तयार होते. स्वीडिश भाषेतील पायऱ्यांसाठीच्या शब्दावरून या खडकांना 'ट्रॅप' हे नाव पडले, ते या पायऱ्यांमुळेच. घाटवाटांच्या बोलीत कड्यांमधल्या अशा सपाटीला 'पदर' म्हणतात, आणि घाटवाटेची सारी कला पदर गाठण्यात, त्यावरून आडवे जाण्यात आणि पुढच्या कड्यातली फट किंवा नाळ हेरण्यात असते. ज्यांनी प्रथम या वाटा पाडल्या त्यांनी भूशास्त्राचे पुस्तक पाहिले नव्हते, पण थरांची रचना त्यांना पक्की ठाऊक होती, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

पारघाट हा याचा उत्तम नमुना होय. पोलादपूरकडून चढणारी ही वाट प्रतापगडाच्या पायथ्याशी असलेल्या पार या गावी पोचते आणि तिथून रडतोंडीच्या घाटाने महाबळेश्वरचा माथा गाठते. १६५९ च्या नोव्हेंबरात अफझलखानाची फौज रडतोंडीचा घाट उतरून पारजवळ आली होती. एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वर हे इंग्रजांचे थंड हवेचे ठिकाण झाल्यावर मुंबईहून जलमार्गाने बाणकोट, तिथून खाडीने वर आणि मग घाट चढून माथा, असा प्रवास होऊ लागला. पुढे आंबेनळी घाटातून गाडीरस्ता झाला व त्याला मुंबईचे गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचे नाव देण्यात आले. खाडीत गाळ साचत गेला, मोटाररस्ते आले, आणि बंदर मागे पडले.

याच आंबेनळी घाटाने पोलादपूरचे नाव जगाच्या भूशास्त्रात नेले. १९८० च्या दशकात के. जी. कॉक्स आणि सी. जे. हॉक्सवर्थ यांनी महाबळेश्वर परिसरातील सुमारे बाराशे मीटर जाडीच्या थरांचे रासायनिक पृथक्करण केले. डोळ्यांना सारखेच काळे दिसणारे हे प्रवाह बेरियम, स्ट्रॉन्शियम यांसारख्या मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून वेगळे करता येतात, असे त्यांनी दाखवले आणि खालून वर पोलादपूर, आंबेनळी व महाबळेश्वर अशी तीन गटांची नावे रूढ झाली. पोलादपूर गटातील लाव्ह्यात भूकवचातील जुन्या खडकांचा अंश मिसळलेला आहे, तर आंबेनळी गटात ही भेसळ अत्यल्प आहे. पुढे डायनोसॉरच्या विनाशात या उद्रेकांचा वाटा किती होता हे ठरवताना या नावांना विलक्षण महत्त्व आले. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रिन्स्टन आणि बर्कली येथील संशोधकांच्या दोन गटांनी आपापली कालगणना मांडली: पहिल्या गटाच्या मते पोलादपूरचा मोठा उद्रेक विनाशाच्या कित्येक दहा हजार वर्षे आधी सुरू झाला, तर दुसऱ्याच्या मते लाव्ह्याचा बहुतांश भाग विनाशानंतर बाहेर पडला. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

प्रिन्स्टनच्या गटाने वापरलेली साक्ष घाटातून चालणाऱ्या कोणालाही दिसू शकते. दोन काळ्या प्रवाहांच्या मध्ये अधूनमधून विटेसारख्या तांबड्या मातीचा पट्टा लागतो, कुठे वीतभर, कुठे हातभर जाड. त्याला 'बोल' म्हणतात. एक प्रवाह थिजल्यावर आणि दुसरा येण्याआधी जो निवांत काळ गेला, त्यात तयार झालेली ही माती होय. तिच्यात मिसळलेल्या राखेतील झिरकॉन या सूक्ष्म स्फटिकांवरून वय काढता येते. तांबड्या पट्ट्याच्या लगेच वर, नव्या प्रवाहाच्या तळाशी, पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या बारीक नळ्यांसारख्या पोकळ्याही क्वचित आढळतात.

थरांच्या याच रचनेची दुसरी बाजू मात्र भयंकर आहे. घट्ट कातळावर साचलेली माती व मुरूम अतिवृष्टीत पाण्याने जड होऊन घसरतात. २००५ च्या जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडीवते या महाड तालुक्यातील गावांवर, आणि २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर कोसळला. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. म्हणून घाटवाटेच्या थरांचे ज्ञान हे केवळ अभ्यासकांच्या हौसेचा विषय नाही. पोलादपूरच्या शाळांतील मुलांना आंबेनळी घाटात नेऊन तो तांबडा पट्टा हाताने दाखवावा, कातळावरची माती कुठे सुटते ते ओळखायला शिकवावे, आणि ज्या गटाला आपल्या गावाचे नाव आहे तो त्यांना त्यांच्याच डोंगरात पाहू द्यावा.