पिल्ले, धनराज
(१६ जुलै १९६८– ). भारतीय हॉकीपटू. जन्म खडकीचा. बारामती-इंदापूरकडे कुस्तीच्या लाल मातीचा दबदबा. त्याच पुणे जिल्ह्यात खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत धनराज हॉकी शिकले. १९८९ ते २००४ या काळात ते चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई क्रीडास्पर्धा खेळले. ऑलिंपिक पदक मात्र एकही नाही. मग थोर कसे, असा आक्षेप येतो. तो टिकत नाही. पदक संघाचे असते, आणि कृत्रिम मैदानांनी भारतीय खेळाची जुनी लय तेव्हा मोडलीच होती. तरीही त्यांच्या नेतृत्वाखाली १९९८ मध्ये बँकॉकला ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण आले, २००३ मध्ये आशिया चषकही. त्यांच्या फटकळपणाची चर्चा फार झाली; चेंडूसह घेतलेल्या त्या सुसाट धावेची त्याहून जास्त व्हायला हवी होती.