डिस्क ब्रेक अचानक निकामी झाल्यास

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खंडाळ्याला जाणाऱ्या सायकलस्वाराची खरी कसोटी परतीच्या वेळी, बोरघाटाच्या उतारावर लागते. तेथे माउंटन बाइकचा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक दगा देऊ लागल्यास दोषाचा पहिला सुगावा लिव्हरवरूनच लागतो.

लिव्हर मऊ लागून हँडलला टेकत असेल, तर नळीत हवा शिरलेली असते किंवा द्रव गळत असतो. दीर्घ उतारावर ब्रेक सतत दाबून धरल्यास द्रव उकळूनही असेच घडते. अशा वेळी थांबून ब्रेक थंड होऊ द्यावा. लिव्हर घट्ट, पण पकड नाही, असे असल्यास पॅड झिजलेले किंवा तेलकट झालेले असतात. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. तेल मुरलेले पॅड मात्र बदलावेत. पॅडचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला, की तो संपला असे समजावे. पावसाळ्यात चिखलामुळे ही झीज झपाट्याने होते.

चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच घासल्याचा आवाज येत असेल, तर चकती वाकलेली असते. तो अखंड येत असेल, तर कॅलिपर सरकलेला असतो.

डॉट द्रवाच्या जागी खनिज तेल किंवा त्याउलट कधीही भरू नये. त्याने रबरी सील निकामी होतात. थंड झाल्यावरही लिव्हर मऊच राहिला, तर घाट पायी उतरणे श्रेयस्कर.