एका माशाचीं दोन नांवें

पश्चिम अटलांटिक महासागरांत, बर्म्युडापासून ब्राझीलच्या किनाऱ्यापर्यंत, प्रवाळांच्या खडकांवर एक मासा आढळतो. लहानपणीं तो हळदीसारखा पिवळाधमक असतो. वयांत आला म्हणजे गर्द निळा होतो. आणि मधल्या काळांत अंग निळें व शेपटी तेवढी पिवळी, असें त्याचें रूप दिसतें. इंग्रजींत यास निळा टँग म्हणतात. त्याच्या कुळाला शस्त्रवैद्य मासे असेंहि नांव आहे, कारण शेपटीच्या मुळाशीं दोन्ही बाजूंस एकेक धारदार पातें असतें, आणि त्यानें तो शत्रूला, किंवा बेसावध कोळ्याच्या हाताला, चिरतो. घरीं खाऱ्या पाण्याची कांचपेटी बाळगणाऱ्या एखाद्या हौशी गृहस्थानें असा पिवळा मासा आणला आणि पुढें तो निळा झाला, तर त्या गृहस्थाला आश्चर्य वाटेल. पण हा आपला तोच मासा आहे याविषयीं त्याच्या मनांत शंका येणार नाहीं. कारण साधें आहे. त्यानें त्याला रोज पाहिलेलें असतें. ही साधी खात्री मत्स्यशास्त्राच्या मोठमोठ्या पंडितांना फार काळ लाभली नव्हती.

त्या पंडितांत बर्लिनचा वैद्य मार्कस एलिझर ब्लॉख (१७२३–१७९९) हा अग्रगण्य होता. माशांविषयींचा त्याचा ग्रंथ १७८२ ते १७९५ या काळांत बारा भागांत प्रसिद्ध झाला, आणि त्यांत ४३२ रंगीत चित्रपट होते. आपल्या देशाशींहि त्याचा संबंध होता. तामिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी तेव्हां डेन्मार्कच्या ताब्यांत होती. तेथील जॉन नांवाचा मिशनरी त्याला मासे धाडीत असे. परंतु हे परदेशीय मासे ब्लॉखनें पाहिले ते मद्यार्काच्या बरणींत किंवा कागदावर. मद्यार्कांत माशाचा रंग टिकत नाहीं, आणि कागदावरील रंग चित्रकाराच्या स्मरणशक्तीइतकाच खरा असतो. १७८७ सालीं त्यानें एका माशाला ‘सम्राट्’ या अर्थाचें लॅटिन नांव दिलें. निळ्या अंगावर डोक्यापासून शेपटीकडे जाणारे पिवळे पट्टे, असा तो दिमाखदार मासा होता. ब्लॉखच्या मृत्यूनंतर १८०१ सालीं श्नायडर या विद्वानानें त्याची राहिलेली सामग्री संपादून प्रसिद्ध केली. तींत ‘निकोबारचा’ म्हणून आणखी एक मासा आला: काळसर निळा, आणि अंगावर पाण्यांत खडा टाकल्यावर उठावींत तशीं एकांत एक पांढरीं वलयें.

हे दोन मासे एकच होत. निकोबारचा मासा म्हणजे सम्राटाचें बालपण.

मौज अशी कीं, आमच्या टँगला ‘निळा’ हें शास्त्रीय नांव मिळालें तेंहि याच १८०१ सालच्या पुस्तकांत. आणि त्याचा पॅसिफिक महासागरांतील एक भाऊबंद, जो लहानपणीं असाच निखळ पिवळा असतो, त्याचें नांव त्याच पुस्तकांत ‘ऑलिव्हच्या रंगाचा’ असें पडलें. दोन्ही नांवें प्रौढ रूपावरून ठेवलेलीं आहेत. माशाच्या आयुष्यांतला एक क्षण धरावा आणि त्यालाच त्याचें सर्वस्व मानावें, अशी ही रीत होती. पण यासाठीं ब्लॉखला हंसण्याचें कारण नाहीं. ज्यानें कोश कधीं पाहिला नाहीं, त्याच्यापुढें मेलेला सुरवंट आणि मेलेलें फुलपाखरूं शेजारीं शेजारीं ठेवलें, तर तो तरी दुसरें काय म्हणेल?

शस्त्रवैद्यांच्या कुळांत तर याहून मोठा घोटाळा झाला. अंड्यांतून निघाल्यावर यांचीं पिलें प्रथम खडकांवर राहत नाहींत. खोल समुद्रांत तरंगत राहतात. त्या वेळीं त्यांना रंगच नसतो. चपटें, वाटोळें, कांचेसारखें पारदर्शक शरीर, एवढेंच काय तें. अशीं पिलें जाळ्यांत सांपडलीं तेव्हां शास्त्रज्ञांनीं त्यांचा एक निराळाच वर्ग केला व त्यास अॅक्रोन्यूरस असें नांव दिलें. पुढें चूक उमगली. तो वर्ग बाद झाला आणि तें नांव तेवढें बाल्यावस्थेपुरतें शिल्लक राहिलें. अर्थात् एकाच प्राण्याचीं येथें दोन नव्हे, तीन रूपें झालीं.

ही गांठ सोडविण्याचा मार्ग तसा सोपा होता. प्राणी जिवंत ठेवावा आणि त्याच्यापाशीं बसावें. हें प्रथम निष्ठेनें कोणीं केलें हें पाहूं गेल्यास आपण सिसिलींतील मेसिना या बंदरीं येतों. तेथें झान व्हिलप्रो-पॉवर (१७९४–१८७१) ही फ्रेंच बाई राहत होती. ही मूळची शिवणकाम करणारी; लग्न होऊन मेसिनास आली आणि समुद्रांतील प्राण्यांच्या नादीं लागली. अर्गोनॉट नांवाचा अष्टपादांच्या जातीचा एक प्राणी आहे. त्याची मादी पातळ पांढऱ्या शिंपल्यांत बसून तरंगते. हा शिंपला तिचा स्वतःचा कीं दुसऱ्या कोणाचा बळकावलेला, हा वाद फार जुना होता. १८३२ पासून या बाईनें कांचेच्या पेट्या करून त्यांत हे प्राणी पाळले, पिलांना शिंपला तयार करतांना पाहिलें, मुद्दाम तो फोडून मादी त्याची डागडुजी कशी करते तेंहि पाहिलें, आणि वाद मिटविला. १८३८ सालीं तिचा बहुतेक संग्रह घेऊन जाणारें जहाज बुडालें, आणि तिच्या नांवाचाहि लोकांस बरीच वर्षें विसर पडला. कांचपेटीच्या इतिहासांत इंग्लंडच्या गॉसचें नांव मोठें आहे, कारण ‘अॅक्वेरियम’ हा शब्द त्याच्या १८५४ सालच्या पुस्तकानें रूढ केला. पण आमच्या मतें पहिला मान मेसिनाच्या या बाईचा.

साठ वर्षांनीं त्याच किनाऱ्यावर पुन्हां एकदां तसाच प्रसंग घडला. मेसिनाच्या सामुद्रधुनींत पिंपळपानासारखा चपटा व पारदर्शक असा एक इवलासा मासा सांपडत असे. जर्मनींतील काउप या शास्त्रज्ञानें १८५६ सालीं त्याला स्वतंत्र नांव दिलें होतें. १८९० नंतरच्या दशकांत ग्रासी आणि कालांद्रुच्चो या दोघां इटालियनांनीं तो पेटींत ठेवून पाहिला. मासा वाढण्याऐवजीं आखूड झाला, गोल झाला, आणि शेवटीं त्याची साधी वाम निघाली! युरोपांतल्या नद्यांमध्यें पकडून लोक शतकानुशतकें जी खात आले, तीच. काउपची जाति ग्रंथांतून पुसली गेली.

प्रवाळांवरील रंगीत माशांच्या बाबतींत मात्र हा प्रयोग घरोघरीं होण्यास फार अवकाश लागला. उष्ण समुद्रांतले हे नाजूक जीव आगबोटीच्या लांब प्रवासांत तगणें कठीण. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानें आलीं, प्राणवायूनें भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, समुद्राच्या पाण्याचें काम भागविणारें कृत्रिम मीठ विकत मिळूं लागलें, आणि १९६० नंतर समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या दिवाणखान्यांत टँग पोहूं लागला. त्याबरोबर गिऱ्हाइकांची फसगतहि सुरू झाली. हवाई बेटांचा पिवळा टँग, ज्याला बेनेटनें १८२८ सालीं नांव दिलें, तो जन्मभर पिवळाच राहतो. रात्रीं तेवढा फिकटतो आणि कुशीवर एक पांढरा पट्टा उमटतो. पण तसाच दिसणारा त्याचा ‘ऑलिव्ह’ भाऊबंद घरीं आणला, तर कांहीं काळानें तो राखाडी-तपकिरी होतो आणि खांद्यावर नारिंगी पट्टा घेऊन मिरवतो.

तिसरा एक त्याहून वस्ताद आहे. हा मोठेपणीं चॉकलेटी रंगाचा. पण लहानपणीं दुसऱ्याच कुळांतील एका लहानशा माशाचें सोंग घेतो. शेजारीं पिवळा मासा असेल तर हा पिवळा. शेजारचा पुढून राखी व मागून काळा असेल तर हाहि तसाच. ज्याचें सोंग घेतो, त्याच्या गालावर कांटा असतो आणि तो फटींत शिरण्यांत पटाईत. म्हणून शत्रु त्याच्या वाटेस सहसा जात नसावेत. अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ जॉन रँडल यानें १९५६ सालीं या कुळाची फेरतपासणी केली, आणि २००५ सालच्या एका दीर्घ लेखांत अशा सोंगांचा समग्र परामर्श घेतला. नकलेला एक मर्यादा आहे. मूळ मासा वीतभरहि होत नाहीं, आणि टँग त्याच्या दुप्पट वाढतो. सोंग अंगाला पुरेनासें झालें म्हणजे तो तें उतरवून ठेवतो.

सम्राटाच्या रंगबदलाचा अर्थ ऑस्ट्रियाच्या कोन्राड लोरेन्झनें १९६० नंतरच्या लेखनांत निराळा लावला. हे भडक रंग म्हणजे निशाणें असून, मासा आपल्याच निशाणाच्या माशावर तुटून पडतो. पिलाचें निशाण वेगळें असल्यामुळें तें थोरांच्या तडाख्यांतून वांचतें, असा त्याचा तर्क होता. तो सर्वांस पटला नाहीं. परंतु १९९५ सालीं शिगेरू कोंडो आणि रिहितो असाई या जपानी शास्त्रज्ञांनीं प्रौढ सम्राटास टाकींत ठेवून जें दाखविलें, तें डोळ्यांना दिसणारें होतें. अंग वाढतें तसे पट्टे रुंद होत नाहींत. एक पट्टा फाटून त्याचे दोन होतात, आणि मधलें अंतर पूर्वीइतकेंच राहतें. रंगाचे कण कातडींत लाटांसारखे रचले जावेत हें गणित इंग्लंडच्या अॅलन टुरिंगनें १९५२ सालीं मांडलें होतें; तें या माशाच्या कुशीवर उमटलेलें पाहावयास मिळालें.

मात्र कांचपेटी ही सर्वस्वी विश्वासू साक्षीदार नाहीं. तींत वाढलेला सम्राट् पुष्कळदां फिकाच राहतो. समुद्रांतलें तेज त्याच्यावर चढत नाहीं. शिवाय या साक्षीची किंमत भलत्यानेंच मोजली आहे. फिलिपाईन्समध्यें १९६० नंतर मासे गुंगवून पकडण्यासाठीं प्रवाळांवर सायनाइडचें विष फवारण्यांत येऊं लागलें, आणि दिवाणखान्यापर्यंत पोंचणाऱ्या एका माशामागें वाटेंत मेलेले कोणी मोजले नाहींत. इकडे आमचा निळा टँग समुद्रांतहि नियमानें वागत नाहीं. अमक्या लांबीचा झाला कीं निळा, असें म्हणावें, तों आधींच निळ्या झालेल्या माशाहून मोठा पिवळा मासा त्याच खडकावर चरत असतो.

या कुळांतील मासा अंड्यापासून वाढविणें तर कोणासच साधत नव्हतें. अखेर २०१५ सालीं हवाई बेटांतील एका संशोधनसंस्थेंत पिवळ्या टँगचीं पिलें प्रथमच मानवी देखरेखीखालीं तगलीं. एके काळीं ज्यांना निराळा वर्ग दिला होता, तीं पारदर्शक पिलें त्या टाकींत आठवड्यामागून आठवडे तरंगत राहिलीं, मग तळाशीं उतरलीं आणि, माणसें पाहत असतां, पिवळीं झालीं.