चारी चाकांचें बळ



मोटारगाडीला चार चाकें असतात हें लहान मूलही सांगेल; परंतु त्या चारांपैकीं गाडी प्रत्यक्ष चालविणारीं चाकें किती, असें विचारलें तर रोज मोटारींतून हिंडणारे सुशिक्षित लोकही क्षणभर थबकतात. बहुतेक गाड्यांत अशीं चाकें दोनच असतात. उरलेलीं दोन नुसता भार वाहतात आणि सोबत गडगडत जातात. जुन्या गाड्यांत इंजिनाचा जोर प्रायः मागच्या चाकांना दिलेला असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लहान व मध्यम गाड्यांत तो पुढच्या चाकांना देण्याचा प्रघात वाढला. पश्चिम जर्मनींतील कांहीं यंत्रज्ञांनीं १९७७ ते १९८० या अवघ्या तीन वर्षांत अशी एक पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी गाडी घेतली, तिच्या चारी चाकांना जोर दिला, आणि तिची स्पोर्ट्‌स कार बनविली. तिचें नांव ऑडी क्वाट्रो. इटालियन भाषेंत या शब्दाचा अर्थ ‘चार’ एवढाच आहे.

या गाडीचें श्रेय एका मोठ्या माणसाच्या नांवावर मांडून मोकळें होण्याची रीत पडली आहे. परंतु तिचा इतिहास नीट पाहिला म्हणजे असें दिसतें कीं, हें काम एकाचें नव्हे. आणि मागच्या चाकांपर्यंत एक दांडा नेऊन जोडणें हा तर त्या कामाचा सर्वांत सोपा भाग होता.

चारी चाकांना जोर देण्याची कल्पना मुळींच नवी नव्हती. हॉलंडांतील स्पायकर बंधूंनीं १९०३ सालींच सहा सिलिंडरांच्या एका गाडीचीं चारी चाकें इंजिनाला जोडलीं होतीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याची जीप चिखलांतून व वाळूंतून वाट काढतांना साऱ्या जगानें पाहिली. आपल्याकडे मुंबईंत महिंद्रा कंपनी १९४७ पासून ती जुळवूं लागली. इंग्लंडांत १९६६ सालीं जेन्सन एफएफ ही चारी चाकांनीं चालणारी उंची स्पोर्ट्‌स कार निघाली, परंतु अवघ्या ३२० गाड्या बांधून ती बंद पडली. जपानांत तोहोकू या हिमाळ प्रदेशांतील वीज कंपनीला तारांच्या पाहणीसाठीं जीपहून अधिक सुखावह वाहन हवें होतें. तिच्यासाठीं सुबारू कंपनीच्या पुढच्या चाकांच्या गाडीला मागचा चालता आंस जोडून पाहण्यांत आला, आणि त्या खटाटोपांतून १९७२ सालीं लिओने ही गाडी विक्रीस आली. मात्र हिचीं मागचीं चाकें चालकानें बर्फांत तेवढीं जोडावयाचीं व सुक्या रस्त्यावर सोडून द्यावयाचीं, अशी योजना होती. हें सोडून देणें कां आवश्यक होतें, तें पुढें कळेल. तोंच आपल्या कथेचा गाभा आहे.

आतां इंगोलश्टाट येथील ऑडी कारखान्याकडे वळूं. तेथील गाड्या पुढच्या चाकांनीं चालत. या रचनेचे फायदे उघड आहेत. इंजिनाचें वजन ओढणाऱ्या चाकांवरच पडतें, त्यामुळें निसरड्यावर पकड बरी मिळते. गाडीच्या पोटांतून मागें जाणारा लांब दांडा लागत नाहीं. जागा व किंमत दोन्हीं वांचतात. परंतु इंजिनाची शक्ति वाढवीत गेलें म्हणजे या रचनेची मर्यादा दिसूं लागते. गाडी जोरानें पुढें झेपावते तेव्हां तिचा भार मागें सरतो आणि पुढचीं चाकें हलकीं होतात. म्हणजे ऐन जोर लावण्याच्या क्षणींच त्यांची पकड कमी होते. चढावर हाच प्रकार घडतो. शिवाय ज्या दोन टायरांनीं गाडी ओढावयाची, त्यांनींच ती वळवावयाचीही असते. टायरची जमिनीवरील पकड ही ठराविक मिळकत आहे. ती ओढण्यांत खर्ची पडली कीं वळण्यासाठीं शिल्लक थोडी उरते.

हें सारें पुस्तकांत होतेंच. पण तें डोळ्यांसमोर आलें १९७६-७७ च्या हिवाळ्यांत, फिनलंडच्या बर्फांत. ऑडीचे यंत्रज्ञ तेथें आपल्या गाड्यांची परीक्षा घेत होते. सोबतीला इल्टिस नांवाचें एक लष्करी वाहन होतें. जर्मन सैन्यासाठीं फोक्सवॅगनच्या नांवानें तें तयार होत असलें तरी त्याची घडण ऑडीनेंच केली होती. दिसावयास ओबडधोबड, आणि शक्ति केवळ ७५ अश्वशक्तींची. परंतु त्याचीं चारी चाकें चालतीं होतीं, आणि बर्फाळ रस्त्यावर तें कितीतरी अधिक शक्तीच्या गाड्यांना मागें टाकूं लागलें. चाचणी विभागाचे प्रमुख यॉर्ग बेन्झिंगर यांनीं ही गोष्ट हेरली. वेगवान रस्त्यावरील गाडीलाच असें कां करूं नये, ही सूचना त्यांनीं फेब्रुवारी १९७७ मध्यें तांत्रिक विभागाचे मुख्य फर्डिनांड पीएख यांच्यापुढें मांडली. पीएख हे सुप्रसिद्ध यंत्रज्ञ फर्डिनांड पोर्शे यांच्या मुलीचे चिरंजीव. त्यांनीं सूचना उचलून धरली, आणि वाल्टर ट्रेझर यांच्याकडे कामाची सूत्रें दिलीं.

ऑडी ८० या साध्या गाडीच्या सांगाड्यांत इल्टिसचे मागचे चालक भाग बसवून पहिली नमुन्याची गाडी सिद्ध झाली. येथें एक गोष्ट यंत्रज्ञांच्या पथ्यावर पडली होती. पुढच्या चाकांच्या पुष्कळ गाड्यांत इंजिन आडवें बसविलेलें असतें; त्यांतून मागें जोर न्यावयाचा तर तो काटकोनांत वळवावा लागतो. ऑडीचें इंजिन मात्र गाडीच्या लांबीच्या दिशेनें होतें, आणि त्याच्या पाठीमागें गिअरबॉक्स. म्हणजे गिअरबॉक्सचें शेवटचें टोंक आधींच मागच्या चाकांकडे तोंड करून बसलेलें होतें! जानेवारी १९७८ मध्यें ही गाडी ऑस्ट्रियांतील तुराखर घाटांत नेण्यांत आली. तेथील चढ शेंकडा २३ इतका तीव्र. गाडीला उन्हाळी टायर, चाकांना सांखळ्या नाहींत. तरी ती बर्फांतून वर चढून गेली, आणि विक्रीखात्याच्या साशंक अधिकाऱ्यांची खात्री पटली.

तथापि खरी अडचण बर्फावर नव्हे, कोरड्या फरसबंदीवर उभी होती. अशी हकीकत सांगतात कीं, फोक्सवॅगनचे संशोधनप्रमुख एर्न्स्ट फियाला यांच्या पत्नी ही नमुन्याची गाडी घेऊन व्हिएन्ना शहरांत गेल्या, आणि गाडी उभी करण्यासाठीं अरुंद जागेंत वळवितांना ती उड्या मारते अशी तक्रार त्यांनीं केली. तक्रार अगदीं शास्त्रशुद्ध होती. खळ्यावर मळणी चालली असतांना तिवड्याभोवतीं फिरणारी बैलांची पात आपण पाहिली असेल. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागीं फिरल्यासारखा चालतो, आणि कडेचा बैल मोठा फेरा घेतो. दोघांनीं सारखींच पावलें टाकावीं असा हट्ट धरला तर पात मोडेल. वळणावर गाडीच्या चार चाकांचें असेंच होतें; प्रत्येकाचा फेरा निराळा, आणि पुढच्या चाकांचा मागच्यांपेक्षां मोठा. डाव्या-उजव्या चाकांतील फरक सांभाळण्यासाठीं डिफरन्शियल असतेंच. परंतु पुढची व मागची जोडी एकमेकींशीं घट्ट जखडली असेल तर त्यांच्यांतील फरक कोण सांभाळणार? बर्फावर चाकें थोडीं घसरून तो फेडून टाकतात. कोरड्या रस्त्यावर तो दांड्यांत पिळासारखा साठत जातो, आणि शेवटीं टायर झटक्यानें उचलून मोकळा होतो. म्हणूनच जपानी गाडींत मागचीं चाकें सोडून देण्याची सोय ठेवावी लागली होती.

उपाय एकच होता. दोन्ही जोड्यांच्या मध्यें आणखी एक डिफरन्शियल हवें. परंतु त्यासाठीं लष्करी गाड्यांप्रमाणें निराळी जड पेटी व जादा दांडे घातले तर वजन वाढून स्पोर्ट्‌स कारचा हेतूच नष्ट व्हावयाचा. ही कोंडी फ्रान्झ टेंगलर या यंत्रज्ञाच्या युक्तीनें फुटली. गिअरबॉक्समधील ज्या दांड्यानें जोर बाहेर पडतो, तो २६३ मिलिमीटर लांबीचा दांडा पोकळ करण्यांत आला. पोकळ वेळूंत दुसरी काठी ओवावी त्याप्रमाणें त्याच्या आंतून दुसरा बारीक दांडा नेला. जोर प्रथम बाहेरच्या पोकळ दांड्यांतून मागें जाऊन मधल्या डिफरन्शियलला मिळतो. तेथें त्याचे दोन वांटे होतात. एक तसाच मागच्या चाकांकडे जातो, आणि दुसरा आंतल्या बारीक दांड्यांतून उलट पुढें येऊन पुढच्या चाकांना मिळतो. येणें आणि जाणें एकाच वाटेनें! निराळी पेटी नको, दुसरा लांब दांडा नको. चारी चाकें सदैव जोडलेलीं, पण एकमेकांना जखडलेलीं नाहींत.

बाकीचें काम त्या मानानें सरळ होतें. मागच्या चाकांसाठीं पुढच्याच चाकांची टांगणी उलट फिरवून वापरण्यांत आली. पांच सिलिंडरांच्या इंजिनाला टर्बोचार्जर जोडून २०० अश्वशक्ति मिळविण्यांत आली. खोल चिखलांत एखादें चाक हवेंत फिरूं लागलें तर मधलें व मागचें डिफरन्शियल चालकाला बसल्या जागेवरून अडकवून ठेवतां येई. मार्च १९८० मध्यें जिनीव्हाच्या प्रदर्शनांत ही गाडी प्रथम लोकांसमोर आली. शर्यतींच्या नियमासाठीं लागणाऱ्या ४०० गाड्या तरी खपतील कीं नाहीं याची कंपनीला धास्ती होती; १९९१ पर्यंत ११,४५२ गाड्या तयार झाल्या.

रॅली नांवाच्या शर्यतींत खडी, चिखल, बर्फ अशा नाना तऱ्हेच्या रस्त्यांवर घड्याळाशीं झुंज असते. १९८० च्या शरदृतूंत पोर्तुगालमधील एका रॅलींत हानू मिकोला यांनीं क्वाट्रो स्पर्धकांच्या पुढें, स्पर्धेबाहेर, नुसती चालविली. त्यांचा वेळ मोजला तर तो विजेत्याच्या वेळेहून वीस मिनिटांहून अधिक कमी भरला. पुढच्याच फेब्रुवारींत स्वीडनची रॅली त्यांनीं जिंकली. ऑक्टोबर १९८१ मध्यें इटलींतील सान रेमो येथें मिशेल मूतों या फ्रेंच विदुषीनें, फाब्रिझिया पॉन्स या सहकारिणीसह, क्वाट्रो पहिली आणली. जागतिक अजिंक्यपदाची रॅली स्त्रीनें जिंकण्याची ती पहिली वेळ. १९८२ सालीं त्यांनीं आणखी तीन रॅल्या जिंकून चालकांत दुसरें स्थान मिळविलें. ऑडी कंपनीनें १९८२ व १९८४ अशीं दोन अजिंक्यपदें घेतलीं. मात्र १९८३ चें अजिंक्यपद लान्सियाच्या मागच्या चाकांच्या हलक्या गाडीनें हिसकावून नेलें. क्वाट्रोचें इंजिन पुढच्या आंसाच्याही पुढें असल्यामुळें नाक जड होतें, आणि कोरड्या रस्त्यावरील वळणांत तें बाहेर ओढ घेई. चारी चाकांना जोर मिळाला म्हणून वजनाचे नियम बदलत नाहींत.

यापुढील भाग विषादाचा आहे. पकड मिळाली तशी शक्तीवरची लगाम सुटली. प्यूजो, लान्सिया, फोर्ड यांनीं चारी चाकांच्या आपापल्या गाड्या आणल्या, आणि रस्त्यावरील २०० अश्वशक्तीची गोष्ट रॅलींत साडेचारशेंच्या पुढें गेली. मार्च १९८६ मध्यें पोर्तुगालांत अशी एक गाडी गर्दींत घुसून तीन प्रेक्षक प्राणांस मुकले. ऑडीनें त्या वर्गाच्या स्पर्धांतून अंग काढून घेतलें. २ मे रोजीं कॉर्सिका बेटावर हेन्री टोइव्होनेन व सर्जिओ क्रेस्टो हे लान्सियाच्या गाडींत जळून मेले. त्यानंतर तो वर्गच बंद करण्यांत आला. चारी चाकांची योजना मात्र टिकली; साध्या घरगुती गाड्यांवरून बेतलेल्या लान्सिया डेल्टानें १९८७ पासून सलग सहा अजिंक्यपदें मिळविलीं.

आतां आपल्यापुरतें पाहूं. याच ऑडीच्या गाड्या २००७ पासून तेव्हांच्या औरंगाबादजवळ शेंद्रा येथें जुळविल्या जाऊं लागल्या, आणि चारी चाकांच्या निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या पावसाळ्यांत आपल्या घाटांतून सर्रास दिसतात. अशा गाडीच्या मालकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. इंजिनाचा जोर चारी चाकांना मिळाल्यानें गाडी निसरड्यावर चांगली निघते, चांगली चढते. थांबतांना मात्र तिला कोणताही जादा लाभ नाहीं, कारण ब्रेक सर्वच गाड्यांत चारी चाकांना असतात. ओल्या उतारावर तिचे चार टायर इतर कोणत्याही गाडीच्या चार टायरांइतकेच असहाय असतात. सुलभ चढणारा मनुष्य उतरतांना बेसावध राहतो, आणि खरा धोका तेथेंच असतो. गाडीला पुढें नेण्याची विद्या यंत्रज्ञांनीं पुष्कळ वाढविली आहे; कोठें आवरावें हें ठरविण्याचें काम त्यांनीं चालकाच्या पायाकडेच ठेवलें आहे.