रत्नागिरीच्या घरांतली हौस

घरी केक भाजणे, जुन्या कपाटाला रंगरोगण करून त्याचे रूप पालटणे, आवडती साडी विरली तरी तिचे काहीतरी करून ती जवळ ठेवणे या गोष्टी आज छंद म्हणून ओळखल्या जातात. शहरातल्या माणसाला थोडी सवड आणि थोडा पैसा मिळाला, मासिकांनी आणि मोबाइलने कल्पना पुरवल्या, आणि मग हे छंद आले, असा सर्वसाधारण समज आहे. कोकणाबद्दल तर हा समज अधिकच घट्ट आहे. रत्नागिरी म्हणजे गरीब जिल्हा, तिथे जे केले ते पोटासाठी आणि काटकसरीसाठी, हौस कुठली, असे लिहिणाऱ्यांनीही गृहीत धरलेले असते. मला हे पटत नाही. रत्नागिरीच्या घरांत जे रांधले, शिवले आणि सजवले गेले, त्यात गरज भागल्यानंतरही पुष्कळ काही शिल्लक उरते. त्या शिलकीचा हिशेब लावला, तर घरगुती हौसेला इथे किमान दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो बाहेरून आलेल्या छंदांपेक्षा जुना आहे, असे मानावे लागते.

सुरुवात भूगोलापासून करावी लागेल, कारण या हौसेला वळण लावले ते भूगोलाने. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जांभ्याच्या जमिनीत आणि असल्या पावसात कापूस होत नाही, गहू होत नाही. भात, नाचणी, वरी, नारळ, फणस, आंबा एवढे घरचे. बाकी सगळे एकतर घाट उतरून बैलांच्या पाठीवरून यायचे, नाहीतर समुद्रावरून. पावसाळ्यात आगबोट बंद, म्हणजे ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत घरात जे असेल त्यावरच भागवायचे. त्यात घरचा कर्ता पुरुष बहुधा मुंबईत. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली, त्यानंतर गिरण्यांना माणसे पुरवण्यात रत्नागिरी जिल्हा आघाडीवर राहिला. टपाल खात्याची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली. रत्नागिरी आणि सावंतवाडीचा मुंबई सरकारचा गॅझेटियरही त्याच वर्षी छापला गेला. त्या जाडजूड ग्रंथात बंदरे आहेत, गलबते आहेत, शेतसारा आहे, जातवार वर्णने आहेत. पण मनीऑर्डर हातात पडल्यावर घरातली बाई त्या चार महिन्यांच्या कोंडवाड्यात काय करत होती, हे त्यातून समजत नाही. ते समजण्यासाठी घरात टिकून राहिलेल्या वस्तू आणि कृतींकडेच वळावे लागते.

पहिला पुरावा धोंडसाचा. श्रावण-भाद्रपदात कोकणातल्या मांडवांवर तवशी धरतात, जून झालेली तवशी आढ्याला टांगून ठेवली की पुढे बरेच दिवस टिकतात. असे एक तवसे किसायचे, त्याचे सुटलेले पाणी वेगळे काढायचे, तांदळाचा जाडसर रवा खमंग भाजून त्यात तो कीस, तेच पाणी, गूळ, ओले खोबरे आणि चिमूटभर मीठ घालून शिजवून घट्टसर गोळा करायचा. इथपर्यंत पदार्थ खाण्याजोगा झालेलाच असतो. सांज्यासारखा ताटलीत वाढला तरी पोट भरेल. पण धोंडस तिथे थांबत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात केळीचे पान घालून त्यावर हे मिश्रण थापायचे, वर पुन्हा पान, त्यावर पितळी झाकण, आणि त्या झाकणावर निखारे. खाली मंद आच, वर करवंटीचे निखारे, कारण करवंटीचा निखारा कडक असतो आणि पटकन विझत नाही. तास-दीड तासाने पान करपल्याचा वास सुटला की झाकण उतरवायचे. वरून तांबूस, कडेला खरपूस, आत ओलसर असा वड्या पाडण्याजोगा केक तयार होतो. या शेवटच्या तास-दीड तासाने अन्नाची पौष्टिकता वाढत नाही आणि ते फार जास्त टिकतही नाही. पावसाळ्यात सरपण ओले असताना वरच्या निखाऱ्यांसाठी वेगळा विस्तव राखणे हा तर खर्चच. तो खर्च केला जायचा फक्त त्या खरपूस कडेसाठी. ती कड कोणाला मिळणार यावरून पोरांची भांडणे व्हायची, यातच त्या खर्चाचे कारण आले.

केक आणि बिस्किटे साहेबाची, पाव पोर्तुगिजांचा, मग भाजण्याची हौस परकीच नव्हे काय, असा आक्षेप इथे येईल. पाव गोव्याकडून वर सरकला आणि नानकटाई सुरतेहून पसरली, यात वाद नाही. मैदा, यीस्ट, बेकिंग पावडर हे सारे बाहेरचे. पण खालून-वरून आच देऊन भाजण्याची रीत सगळ्या किनाऱ्याची आहे. गोव्यातल्या बिबिंकाचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजतात, पाठारे प्रभूंचे भानोळे असेच खाली-वर विस्तव ठेवून होते, आणि रत्नागिरीचे धोंडस त्याच घराण्यातले. त्यामुळे विसाव्या शतकात जेव्हा केक घराघरांत आला, तेव्हा शिकायला लागला तो मैद्याचा आणि अंड्याचा स्वभाव. भाजणे हातात होतेच. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले आणि मराठी मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात केक रुळला. कोयनेची वीज चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला १९६०च्या दशकात तयार होऊ लागली होती, तरी जिल्ह्यातल्या पुष्कळ वाड्यांवर दिवे यायला आणखी वेळ गेला. तोवर वाळूच्या कढईत डबा ठेवून, झाकणावर निखारे पसरून रव्याचा केक होत होता. गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन आला तो या तयार कौशल्याच्या पंगतीत येऊन बसला.

कापडाचा पुरावा याहून बोलका आहे, कारण कापड तर पूर्णपणे विकतचे. नऊवारी लुगडे घरात आले की ते अनेक आयुष्ये जगायचे. आधी सणाचे, मग रोजचे, मग शेतात नेसायचे. फाटू लागले की त्याची दुपटी, बाळाची कुंची, झबली. उरलेले तुकडे आणि जुनी धोतरे वाकळीत. वाकळ शिवण्याची पद्धत बघण्यासारखी असते. जुनी, मऊ झालेली लुगडी जमिनीवर एकावर एक अंथरून ताणतात, कडा दुमडून घेतात, आणि बाहेरच्या कडेपासून धावदोरा घालायला सुरुवात करून चौकोनात चौकोन असे आत आत सरकत मध्यापर्यंत येतात. ऊब देण्याचे काम एवढ्याने भागते. पण जुन्या वाकळी निरखून पाहिल्या तर लुगड्याचे काठ मुद्दाम कडेला आणून बसवलेले दिसतात, विरलेल्या जागी ठिगळ लावताना हिरव्याशेजारी तांबडे, निळ्याशेजारी पिवळे असे रंग धरलेले दिसतात, आणि टाके गरजेपेक्षा बरेच दाट असतात. गड्याच्या पांघरुणाला एवढी मेहनत लागत नाही. गरिबाघरच्या वाकळीत तर रंग जास्तच खुलतात, कारण तिथे चार घरांतून मिळालेले तुकडे एकत्र आलेले असतात. म्हणजे ही हौस खोतांच्या आणि भिक्षुकांच्या घरांपुरती होती, असेही म्हणता येत नाही.

आवडते कपडे ही गोष्ट मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही, आणि इतिहास सांगायचा तर हे स्पष्ट सांगायला हवे. पार्वतीबाई आठवले १८७० साली देवरुखला जन्मल्या. महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे या त्यांच्या थोरल्या बहीण. पार्वतीबाईंना तरुणपणी वैधव्य आले आणि तेव्हाच्या ब्राह्मण घरांच्या रिवाजाप्रमाणे केशवपन आणि लाल आलवण त्यांच्या वाट्याला आले. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव निधी गोळा करत फिरल्या, अमेरिकेला जाऊन आल्या, आणि ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र त्यांनी १९२८ साली प्रसिद्ध केले. मध्यंतरी १९१२च्या सुमारास त्यांनी केशवपन आणि आलवण दोन्ही सोडले होते. त्यावर समाजात जो गदारोळ झाला, तो एका बाईने कोणते लुगडे नेसावे यावरून झाला. घरातल्या साध्या सुखाला किरकोळ समजणाऱ्यांनी या प्रसंगाचा विचार करावा. ज्या गोष्टीवर समाज एवढा कडक पहारा बसवतो, ती क्षुल्लक कशी असेल? रंगीत लुगडे नेसण्याची मुभा हे सुख होते, म्हणूनच ते काढून घेणे ही शिक्षा होऊ शकत होती.

लाकडाच्या बाबतीत माझा मुद्दा थोडा लंगडा पडतो, हे मान्य करतो. भाजणे आणि शिवणे घरच्या हातांनी होई, लाकूडकाम मात्र सुताराचे. बलुत्याच्या व्यवहारात त्याला भात मिळायचे, आणि रंधा, पटाशी, वाकस ही हत्यारे दुसऱ्याने हाती घेण्याचा रिवाज नव्हता. तरीही कोणत्या लाकडाचे काय करायचे हे घर ठरवायचे. फणसाचे लाकूड कापल्यावर हळदीसारखे पिवळे असते, वर्षे जातील तसे ते तांबूस तपकिरी होत जाते, वाळवीला सहसा दाद देत नाही. म्हणून पाट, चौरंग, देव्हारा, झोपाळ्याची फळी यांना फणस पसंत. परसातला म्हातारा फणस पडला की त्याचे काय काय करून घ्यायचे, याची चर्चा दिवसचे दिवस चाले. जुने घर उतरवले तर त्याच्या तुळया नव्या घरात जायच्या, दाराच्या फळ्यांचे पलंग व्हायचे. आणि हापूसची लाकडी खोकी! आंब्याचा मोसम संपला की परत आलेली किंवा मोडकी खोकी घराघरांत साचत. त्यांच्या फळ्यांतून मडक्यांची मांडणी, पुस्तकांचे शेल्फ, कोंबड्यांचे खुराडे, आणि भाद्रपदात गणपतीचे मखर तयार होई. इथे सुताराची गरज उरली नव्हती. मुंबईहून आलेला चाकरमानी आणि घरची पोरे मिळून रात्र रात्र खिळे ठोकत, रंगीत कागद चिकटवत बसत. दीड दिवसासाठी किंवा पाच दिवसांसाठी उभारलेल्या त्या मखरात काटकसर शोधू म्हटले तरी सापडणार नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. ज्याला मी हौस म्हणतो ते बायकांचे बिनमोल कष्ट होते, चुलीचा धूर आणि वाकलेली पाठ होती, त्यावर सुखाचा मुलामा चढवणे म्हणजे अन्याय झाकणे होय. हा आक्षेप मी हलकेपणाने घेत नाही. पुरुष मुंबईत, शेती अंगावर, सासर भरलेले, अशा घरातल्या बाईचा दिवस पहाटे दळणाने सुरू होई आणि त्याला सुट्टी नसे. पण याच कारणासाठी मला धोंडसाची कड आणि वाकळीचे काठ महत्त्वाचे वाटतात. दळण, पाणी, लावणी ही कामे दुसऱ्याने नेमून दिलेली असत. ठिगळाचा रंग कोणता आणि काठ कुठे, हे मात्र तिचे तिने ठरवलेले असे. कष्ट होते म्हणून सुख नव्हते असे म्हटले, तर त्या बाईने स्वतःहून घेतलेला तेवढा एक निर्णयही आपण तिच्याकडून काढून घेतो. तिच्या दारिद्र्याची नोंद ठेवणाऱ्याने तिच्या आवडीनिवडीचीही नोंद ठेवली पाहिजे. श्रीमंतांच्या बाबतीत आपण हे न सांगता करतो. पदच्युत करून १८८६ साली रत्नागिरीला आणलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजासाठी १९१० साली राजवाडा बांधला गेला. त्याच्या कमानी, रंगीत काचा आणि सागवान याबद्दल आपण कौतुकाने लिहितो, त्यात राजाची आवड शोधतो. कैदेतल्या राजाला आवड असू शकते, तर कुळवाड्याच्या बायकोलाही असू शकते.

या घरांची घडी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मोडत गेली. गिरण्यांचा संप १९८२ साली झाला आणि मनीऑर्डरी आटल्या. किनाऱ्याची प्रवासी बोट बंद झाली, कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि पावसाळ्यातही बाजार दारात आला. स्लॅबची घरे आली तशी फणसाची लाकडे विकली गेली, आंब्याला पुठ्ठ्याची खोकी आली, सिंथेटिक साड्यांची वाकळ नीट होत नाही कारण त्या घाम शोषत नाहीत आणि टाक्यात सरकतात. धोंडस मात्र टिकले आहे, आता ते बहुधा कुकरमध्ये किंवा ओव्हनमध्ये होते. तुमच्या घरी जुनी वाकळ असेल तर एक करा. ती धुऊन, घडी घालून ठेवण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईंना बोलवा, कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा आणि कोणत्या सालचा ते विचारा, आणि कागदावर लिहून वाकळीच्या कोपऱ्याला टाचून ठेवा. गॅझेटियरात ही माहिती मिळणार नाही.