विसर्जनानंतरची ती पहाट

२९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणत मराठवाड्यात गावोगावी बाप्पांना निरोप दिला गेला आणि दमलेली माणसे घरी येऊन झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर आणि आसपासची गावे क्षणार्धात ढिगारे झाली. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितली जाते.

त्या पहाटे एक जुनी समजूतही कोसळली. दख्खनचे पठार म्हणजे प्राचीन, स्थिर भूमी, असे आपण शाळेत शिकलो होतो. भूकंप प्रामुख्याने भूपट्टांच्या कडांवर होतात, हे खरेच. आपला भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे. हिमालय त्यातूनच उभा राहिला. किल्लारी तेथून हजार किलोमीटरहून अधिक दूर. पण कडेवरचा ताण भूपट्टाच्या पोटातही पोहोचतो आणि तेथे एखादी जुनी भेग असेल तर ती कधीतरी सरकते. किल्लारीला पुढे खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे ३४० मीटर जाडीचा लाव्हाचा काळा खडक लागला आणि त्याखाली कितीतरी जुना ग्रॅनाइट. वरून पाहणाऱ्याला खालच्या भेगा दिसणार कशा?

इशारे मात्र मिळाले होते. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयना हादरले, पण त्याचा संबंध धरणाच्या जलाशयाशी जोडला गेला. १९९२ मध्ये खुद्द किल्लारीत सौम्य धक्के जाणवले. तरीही नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या ‘झोन १’ मध्येच होता.

भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे फार मोठी नव्हे. जीव घेतले ते घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छप्पर झोपलेल्यांच्या अंगावर आले.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. १९९७ मध्ये जबलपूर आणि २००१ मध्ये भूज हादरल्यानंतर, २००२ च्या नकाशातून ‘झोन १’ काढूनच टाकण्यात आला.

आपण नोकरी-व्यवसायानिमित्त देशभर विखुरलो आहोत. घर घेताना पाणी, शाळा, बाजार यांची चौकशी करतो. बांधकाम भूकंपरोधक आहे का, हेही विचारायला हवे. विघ्नहर्त्याला साकडे जरूर घालावे, पण भिंती भक्कम ठेवण्याचे काम आपलेच आहे.

गणपती बाप्पा मोरया!